शेजारच्या आजींचं रेल्वेचं घड्याळ

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणून मी गराजमध्ये कलश घासत बसले होते. शेजारच्या आजी एक लोकरी मोजा हातात घेऊन आल्या. मोज्यात जड काहीतरी होतं. "तुझे आजोबा रेल्वेत होते ना? मग हे तुला कळेल," म्हणाल्या आणि मोजा माझ्या ओंजळीत रिकामा केला. आत खिशातलं घड्याळ होतं, बंद पडलेलं. मागच्या झाकणावर कोरलेलं वाफेचं इंजिन बोटाला लागत होतं.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलला राहतो. पूर्वीच्या 'शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी' रेल्वेची लाइन गावातूनच जाते. आजींच्या यजमानांचे आजोबा याच रेल्वेत होते. घरात सांगितलं जायचं की १८९१ च्या मोठ्या अपघातानंतर सगळ्या रेल्वेवाल्यांना चांगली घड्याळं घ्यावी लागली, तेव्हा त्यांनी हे घेतलं. आजी वसंतात घर विकून वृद्धांच्या वसाहतीत जाणार होत्या. घड्याळ नातीला द्यायचं होतं आणि सोबत एक चिठ्ठी. "चिठ्ठीत खोटं काही नको," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मला घड्याळातलं काही कळत नव्हतं. माझे आजोबा भुसावळला गार्ड होते, तेवढीच काय ती ओळख. पण मी हो म्हटलं. पुढचे पाच महिने त्यात गेले. घरात असंच एखादं घड्याळ मोज्यात किंवा डब्यात पडलं असेल, तर माझ्या ज्या चुका झाल्या त्या तुमच्या तरी होऊ नयेत, म्हणून क्रमाने लिहिते.

पहिली चूक दुसऱ्याच आठवड्यात झाली. एका दुकानात घड्याळ दाखवलं. तिथल्या माणसाने वेळ लावण्यासाठी डोक्यावरची चावी ओढून बघितली. ती येईना, तसा जोर लावला. माझ्या पोटात गोळा आला आणि मी घड्याळ परत मागून घेतलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की रेल्वेच्या घड्याळांची चावी वेळ लावायला ओढायचीच नसते. पुढची काच आट्यांची असते. ती डावीकडे फिरवून काढली की तबकडीच्या कडेला लपलेली एक बारीक पट्टी दिसते. तिला लिव्हर म्हणतात. ती नखाने अलगद बाहेर ओढायची, मग चावी फिरवली की काटे फिरतात, आणि वेळ लागली की लिव्हर आत ढकलायचा. घाईत खिशातून घड्याळ काढताना चावी चुकून ओढली जाऊन काटे सरकू नयेत, म्हणून रेल्वेने ही पद्धत सक्तीची केली होती. ओढून चावी येत नसेल तर थांबा आणि काचेखाली लिव्हर आहे का बघा. माझी सगळ्यात कळकळीची सूचना हीच आहे.

मागचं झाकणही आट्यांचंच होतं. ते घट्ट बसलेलं. बाटलीचं झाकण उघडायची रबरी चकती असते ना, तीवर घड्याळ पालथं दाबून डावीकडे फिरवलं आणि झाकण सुटलं. सुरी, स्क्रू ड्रायव्हर अजिबात लावू नका. आतलं दृश्य बघून मी आणि माझा नवरा दोघंही गप्प झालो. निकेलच्या पट्टीवर लाटांसारखी नक्षी, त्यात सोन्याच्या कड्यांत बसवलेले लाल खडे, निळे स्क्रू. जे झाकणाआड कायम बंद राहणार, ते कुणीतरी इतकं देखणं केलं होतं. (आतल्या पट्टीला बोट लावू नका. घामाचा डाग धातूवर कायमचा उमटतो.)

झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्का, 'सिल्व्हरॉइड' हा शब्द आणि एक नंबर होता, ४१ लाखांच्या घरातला. घड्याळ एल्गिन कंपनीचं आहे हे तबकडीवरून कळलं होतंच. एल्गिनच्या नंबरांच्या याद्या मोफत मिळतात. यादीत ४० लाखांसमोर साल होतं १८९०. म्हणजे १८९१ ची गोष्ट खरी! मी रात्री नऊ वाजता आजींचं दार वाजवून त्यांना ही बातमी दिली. त्यांचे डोळे भरून आले.

बातमी चुकीची होती.

४ नोव्हेंबरला घड्याळं जमवणाऱ्यांच्या एका बैठकीला गेले. 'नॅशनल असोसिएशन ऑफ वॉच अँड क्लॉक कलेक्टर्स' ही १९४३ साली सुरू झालेली संस्था. मुख्य कार्यालय आणि संग्रहालय पेनसिल्व्हेनियातल्या कोलंबिया गावी आहे, आणि ठिकठिकाणी तिच्या शाखांच्या बैठका होतात. तिथे एका वयस्कर गृहस्थांनी भिंग डोळ्याला लावून अर्ध्या मिनिटात विचारलं, "नंबर कुठला वाचलास?" मी झाकण दाखवलं. त्यांनी मान हलवली.

त्यांनी समजावलं ते असं. त्या काळात अमेरिकेत घड्याळाचं यंत्र एक कंपनी बनवायची आणि केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, दुसरी. सराफाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी यंत्र निवडायचं, मग ऐपतीप्रमाणे केस, आणि दुकानदार ते यंत्र केसमध्ये बसवून द्यायचा. केसवरचा नंबर केस बनवणाऱ्याचा असतो, तो एल्गिनच्या यादीत शोधून काही उपयोग नाही. वय ठरतं यंत्राच्या पट्टीवर कोरलेल्या नंबरावरून. आमच्या यंत्रावरचा नंबर १ कोटी ३० लाखांच्या पुढचा होता. यादीप्रमाणे साल १९०७, फार तर १९०८.

त्यांनी आणखी एक सावधगिरी सांगितली. कंपनी एकेका प्रकाराला नंबरांचे गठ्ठे आधीच वाटून देई, आणि यंत्रं त्याच क्रमाने पुरी होत नसत. शिवाय तयार घड्याळ दुकानात किती दिवस पडून राहिलं हे नंबर सांगत नाही. म्हणून चिठ्ठीत एकच साल ठामपणे लिहू नये, 'सुमारे' लिहावं.

त्यांच्यासमोर बसून आम्ही बाकीचं वाचत गेलो. पट्टीवर 'बी. डब्ल्यू. रेमंड' आणि '१९ ज्वेल्स' असं कोरलं होतं. ज्वेल म्हणजे ते लाल खडे. चाकांचे आस धातूवर घासू नयेत म्हणून बसवलेले. एल्गिन आपल्या रेल्वेच्या घड्याळांवर नाव कोरी, पण ग्रेडचा, म्हणजे यंत्राच्या नेमक्या प्रकाराचा, आकडा बहुतेक वेळा लिहीत नसे. तो यंत्राच्या नंबरावरून काढावा लागतो. आमचा निघाला ग्रेड २४०: १८ साइज, १९ ज्वेल, लिव्हरने वेळ लावायचं, पुढून झाकण नसलेलं. १८ साइज हा आकड्यांचा हिशोबही मला तिथेच कळला. शून्य साइज म्हणजे १ पूर्णांक ५/३० इंच, आणि पुढच्या प्रत्येक साइजला इंचाचा तिसावा भाग वाढवायचा. १८ साइज म्हणजे साधारण ४४.९ मिलिमीटर. हे माप केसचं नसून यंत्राच्या पट्टीचं असतं. घरी व्हर्निअर कॅलिपरने मोजलं, बरोबर आलं.

दोन गोष्टींनी मी चकित झाले. पहिली, 'सिल्व्हरॉइड'मध्ये चांदी नसते. तो निकेलचा मिश्रधातू आहे. आजींच्या घरात सगळे त्याला चांदीचं घड्याळ म्हणत. दुसरी, मागे इंजिन कोरलेलं असलं म्हणून घड्याळ रेल्वेचं ठरत नाही. तशी केस कुणीही विकत घेऊ शकत असे, आणि आत अगदी साधं यंत्र असू शके. रेल्वेचं घड्याळ ओळखायचं ते आतून. पुढून उघडी तबकडी, मोठे ठसठशीत आकडे, चावी बाराच्या डोक्यावर, १६ किंवा १८ साइज, निदान १७ ज्वेल, पाच स्थितींत आणि थंडी-उन्हाळ्यात जुळवलेलं यंत्र, आणि आठवड्याला तीस सेकंदांच्या आत फरक. पाच स्थिती म्हणजे उताणं, पालथं, उभं, डाव्या अंगावर, उजव्या अंगावर. माणूस वाकतो, चढतो, डब्यावरून डब्यावर जातो, खिशातलं घड्याळ त्याच्याबरोबर कलंडतं. तरी चुकता कामा नये.

१८९१ चा अपघातही खराच. त्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या किप्टनला एक टपालगाडी आणि एक प्रवासी गाडी समोरासमोर धडकल्या. एका कर्मचाऱ्याचं घड्याळ चार मिनिटं थांबून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगतात. एकेरी मार्गावर गाड्यांची गाठ कुठे पडणार हे तेव्हा घड्याळावरच ठरे. त्यानंतर क्लीव्हलंडचे सराफ वेब सी. बॉल यांना घड्याळांच्या तपासणीची पद्धत घालून द्यायला सांगितलं गेलं, आणि वर लिहिलेले नियम हळूहळू पसरले. कर्मचारी घड्याळ स्वतःच्या पगारातून घेत, पुष्कळदा हप्त्यांनी, आणि ठरलेल्या निरीक्षकाकडे वेळोवेळी ताडून घेत.

त्या गृहस्थांनी यंत्र केसमध्ये कसं बसलंय तेही बघितलं. यंत्र धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचे ओरखडे केसच्या आतल्या कडेवर राहतात. ते एकाच जागी असतील तर यंत्र बहुधा पहिल्यापासून त्याच केसमध्ये आहे. दोन-तीन जागी असतील तर केस बदललेली. आमच्याकडे ओरखडे एकाच जागी होते.

घरी परतताना मात्र माझं मन जड होतं. आजींना मीच चुकीचं साल सांगितलं होतं. लक्ष्मीपूजन १२ तारखेला होतं. मी सण होईपर्यंत थांबले नाही. त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग हे त्यांचं होतं की नाही?"

आता शोध माणसाचा होता.

अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, त्यामुळे १९१० ची पानं बघता येतात. तिथे आजींच्या यजमानांचे आजोबा ऑरोरा गावी सापडले. वय २४, धंदा ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक लावणारा, वाफेची रेल्वे. म्हणजे जन्म १८८६ च्या आसपास, आणि १८९१ च्या अपघाताच्या वेळी ते पाच वर्षांचे होते. हे मी आधी तपासलं असतं तर निम्मा घोळ टळला असता. घड्याळाच्या नंबराइतकंच माणसाच्या जन्मसालाकडे पाहा.

बर्लिंग्टन रेल्वेचे जुने कागद शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहेत. डिसेंबरात एक दिवस रजा काढून गेले. ओळखपत्र दाखवून वाचकाचं कार्ड मोफत मिळतं. कोट आणि पिशवी बाहेर ठेवायची, आत फक्त पेन्सिल. दिवसभर खोकी उघडली, पण त्यांचं नाव मिळालं नाही. तिथे जायचं असेल तर आधी सूची नीट वाचून, हव्या त्या खोक्यांचे क्रमांक लिहून घेऊन जा. मी ते केलं नाही आणि पहिले दोन तास त्यातच गेले.

खरा कागद आला दुसरीकडून. रेल्वेच्या नोकरांची पेन्शन अमेरिकेत वेगळी असते. रेलरोड रिटायरमेंट बोर्ड १९३० च्या दशकात सुरू झालं. १९३७ च्या आधीच ज्यांनी रेल्वे सोडली त्यांची नोंद तिथे सहसा मिळत नाही. आपले गृहस्थ १९५१ पर्यंत नोकरीत होते. आजींकडच्या एका जुन्या कागदावर त्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर होता, आणि तो ७०० ते ७२८ च्या मधल्या आकड्याने सुरू होत होता. ते आकडे रेल्वेवाल्यांसाठी राखलेले होते, म्हणजे फाइल असण्याची आशा. या जुन्या फाइली आता अटलांटाच्या नॅशनल आर्काइव्हजकडे आहेत. ५ डिसेंबरला ईमेलने विनंती पाठवली. पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची सालं, तो नंबर, आणि मृत्यूचा पुरावा म्हणून वर्तमानपत्रातलं कात्रण. दहा दिवसांनी पोच आली. मग नाताळ, मग शांतता. १९ जानेवारीला पत्र आलं, फाइल आहे, झेरॉक्सचे पैसे भरा. २४ डॉलर भरले.

दरम्यान घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं. रेल्वेच्या घड्याळांचंच काम करणारे एक घड्याळजी दुसऱ्या राज्यात होते. त्यांनी फोटो बघून २२० डॉलर सांगितले. त्यात संपूर्ण उकलून सफाई, नवं तेल आणि नवी मुख्य स्प्रिंग. आजी म्हणत होत्या की चावी जास्त दिली गेली म्हणून बंद पडलं. घड्याळजी म्हणाले, "जास्त चावीने घड्याळ बंद पडत नाही, वाळलेल्या तेलाने पडतं." चालू न होणारं घड्याळ झटकून किंवा पुन्हा पुन्हा चावी देऊन बघू नका. कोरड्या आसांवर चाकं झिजतात.

२८ नोव्हेंबरला रजिस्टर्ड मेलने पाठवायला गेले तर खिडकीवरच्या बाईंनी खोकं परत केलं. मी चकचकीत प्लास्टिकची टेप लावली होती. रजिस्टर्डला खोक्याच्या सगळ्या कडांवर कागदी टेपच लागते. तिच्यावर टपालाचा शिक्का उमटतो, आणि मध्ये कुणी खोकं उघडलं तर कळतं. घरी जाऊन पुन्हा बांधलं. जाताना २७ डॉलर, येताना २५. हे टपाल सावकाश जातं, पण हात बदलेल तिथे सही होते. मला त्या सह्यांचाच आधार वाटला.

वाट बघण्याच्या त्या आठवड्यांत एका रविवारी एल्गिन गावी जाऊन आलो, तासाभराचा रस्ता. कंपनी १८६४ साली सुरू झाली. पहिलं घड्याळ विकलं गेलं १८६७ साली, नंबर १०१, आणि त्याचंही नाव बी. डब्ल्यू. रेमंडच होतं. रेमंड हे कंपनीचे पहिले अध्यक्ष आणि शिकागोचे माजी महापौर. कारखाना १९६६ साली पाडला. पण कंपनीने १९१० च्या सुमारास बांधलेली वेधशाळा अजून उभी आहे. रात्री तारे बघून कारखान्यातली घड्याळं जुळवायची, त्यासाठी बांधलेली. एवढ्याशा इमारतीसमोर थंडीत उभी राहून मला भुसावळचे आजोबा आठवले. मुंबईची वेळ बाकी देशाच्या ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत शहराने ती सोडली नाही, हे ते फार रंगवून सांगत. अमेरिकेतही गावागणिक वेळ वेगळी होती. रेल्वे कंपन्यांनी शिकागोत ठराव करून १८ नोव्हेंबर १८८३ पासून प्रमाणवेळ धरली. आजोबांना ही गोष्ट सांगायला हवी होती.

९ फेब्रुवारीला अटलांटाहून कागद आले. त्यात १ जानेवारी १९३७ आधीच्या नोकरीचं निवेदन होतं, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. ऑरोरा, ब्रेकमन, नोकरीची सुरुवात मार्च १९०८.

मी ते पान घेऊन आजींकडे गेले. या वेळी मी आधीच सांगितलं की यावरून घड्याळ त्यांनीच नवं घेतलं हे सिद्ध होत नाही. पावती नाही, निरीक्षकाचं कार्ड नाही. एवढंच म्हणता येईल की बावीस वर्षांचा मुलगा ज्या वर्षी रेल्वेला लागला, त्याच सुमारास हे यंत्र कारखान्यातून निघालं, आणि त्याच्या कामाला जे लागे ते सगळं त्यात होतं. आजी कितीतरी वेळ अक्षराकडेच बघत होत्या. सासरच्या त्या आजोबांचं हस्ताक्षर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "ब्रेकमन" लिहिताना पेन दाबलेलं दिसत होतं.

२० फेब्रुवारीला घड्याळ परत आलं. बरोब्बर बारा आठवडे. सोबत एक कागद, पाचही स्थितींतला चढउतार लिहिलेला. आमच्याकडे ते आठवड्याला चाळीसेक सेकंद पुढे जातं. पूर्वी झाकणाच्या आत दुरुस्ती करणारे सुईने बारीक खूण आणि तारीख कोरून ठेवत. आमच्या झाकणात अशा सात खुणा निघाल्या, त्यातल्या चार वाचता आल्या: १९१३, १९१९, १९३६, १९४८. घड्याळजींनी फोन करून विचारलं होतं, माझी खूण करू का, पुष्कळ लोकांना आवडत नाही. आजी म्हणाल्या, कर.

एकूण खर्च ३२६ डॉलर: दुरुस्ती, दोन्ही वेळचं टपाल, झेरॉक्स, १८ डॉलरचा कॅलिपर आणि १२ डॉलरचं भिंग. दुरुस्ती आणि टपालाचे पैसे आजींनी दिले. विकायला गेलं तर तेवढे परत येतील याचा भरवसा नाही, म्हणून खर्च करण्याआधी घरच्यांशी बोलून घ्या.

चिठ्ठी आजींनी स्वतः लिहिली: "एल्गिन, बी. डब्ल्यू. रेमंड, सुमारे १९०७-०८. चांदीचं नाही. तुझे खापरपणजोबा मार्च १९०८ मध्ये रेल्वेला लागले. घड्याळ त्यांचं होतं असं घरात सगळे सांगत आले. रोज सकाळी एकाच वेळी चावी दे, थांबेपर्यंत." त्याखाली लिव्हर कसा ओढायचा त्याचं चित्र.

१० मार्चचा रविवार, अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे करायचा. सकाळी सात वाजता आजींचा फोन. काच त्यांनी उघडली होती, लिव्हर ओढला होता, आता चावी कुठल्या बाजूला फिरवू? मी म्हटलं, काटे नेहमी पुढेच न्यायचे. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग टिक असा लिव्हर आत गेल्याचा आवाज आला.